वरल्यापाड्यासाठी बदललेला प्रोसेसर

लोक मला अजूनही विचारतात, "ताई, मशीन हळू चालतंय. प्रोसेसर बदलून टाकू का?" आताच्या मशीनमध्ये प्रोसेसर बहुतेक वेळा बोर्डालाच कायमचा जोडलेला असतो, त्यामुळे उत्तर द्यायला फार विचार करावा लागत नाही. पण नव्वदच्या दशकात हा प्रश्न खरा होता. जळगाव-धुळ्याच्या पट्ट्यात त्याचं उत्तर देण्यासाठी जी मोजकी माणसं एसटीने हिंडत होती, त्यांतली मी एक.

मी मूळची भडगावची. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून जळगावात कॉम्प्युटर विक्री आणि दुरुस्तीच्या एका दुकानात लागले. आमच्या शेठनी धुळ्याची सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडे दिली होती, कारण तिकडे जायला कुणी तयार नसायचं. खांद्याला हत्यारांची पिशवी लावून मी दारात उभी राहिले की लोक माझ्या मागे बघायचे.

"इंजिनिअर मागून येताहेत का?"

"मीच आलेय."

मग घरातलं किंवा ऑफिसातलं कुणीतरी माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसायचं. बाईमाणूस मशीन उघडतं म्हणजे नक्की काय करतं, हे पाहायला. मला राग यायचा नाही. प्रेक्षक असले की हात जास्त नीट चालतो, हे मला तेव्हाच कळलं.

या धंद्यातलं पहिलं शहाणपण मला एका कापसाच्या व्यापाऱ्याने शिकवलं. त्यांच्या जिनिंगच्या आवारात ऑफिस होतं. मशीन दुपारी रडायला लागायचं. शेठजींनी निकाल आधीच लावून ठेवला होता: "पेंटियम बसवा. आमच्या व्याह्यांकडे पेंटियम आलाय." मी झाकण उघडलं तर आत गादी भरता येईल इतका कापूस. पंखा रुईने गच्च बांधला गेला होता, आणि बिचारी चिप उन्हाळ्यात गोधडी पांघरून बसली होती. मी ब्रशने सगळं साफ केलं आणि मशीन पळायला लागलं. शेठजी मात्र हिरमुसले. "म्हणजे पेंटियम नाही?" त्यांनी पुढे तो घेतलाच. व्याह्यांना दाखवायला.

तेव्हापासून मी ठरवलं की मशीन हळू आहे असं कुणी म्हटलं की आधी विचारायचं: कशात हळू आहे? स्वयंपाकघराचं उदाहरण मी नेहमी द्यायचे. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी बाई. मेमरी म्हणजे तिच्यासमोरचा ओटा. हार्ड डिस्क म्हणजे मागची कोठीची खोली. ओटा चिमुकला असेल आणि बाईला दर दोन मिनिटांनी कोठीत जावं लागत असेल, तर बाई बदलून काय उपयोग? ओटा मोठा करा. बहुतेक गिऱ्हाइकांना मी ओटाच मोठा करून द्यायचे आणि ती खूश व्हायची. बाईच बदलायला हवी अशी वेळ क्वचित यायची. आली की मात्र ती खरी असायची.

त्यातल्या एका वेळेची ही गोष्ट.

धुळ्यात नाना देवरे म्हणून एक निवृत्त इंजिनिअर राहायचे. सगळी नोकरी पाटबंधाऱ्यात गेली होती. कालवे, बंधारे, चर, मोऱ्या. निवृत्तीनंतर मुलाने पुण्याहून एक फोर-एटी-सिक्स मशीन पाठवलं, करमणुकीला म्हणून. नानांनी त्यावर पत्ते खेळायच्या ऐवजी फोर्ट्रान भाषेत प्रोग्राम लिहायला घेतला. तरुणपणी ते म्हणे पुण्यात कॉम्प्युटरसाठी कार्डांना भोकं पाडून देत आणि उत्तराची वाट पाहत बसत. आता कॉम्प्युटर घरात, देवघराशेजारी होता. त्याच्यावर काकूंनी विणलेलं झाकण असायचं.

नानांचा प्रोग्राम पाण्याच्या नळांचा होता. साक्रीच्या पलीकडे डोंगरात काही पाडे आहेत. वरच्या अंगाला एक जिवंत झरा. त्याच्या पाण्याची टाकी बांधून, पंप न लावता, निव्वळ उतारावर पाणी पाड्यांपर्यंत न्यायची योजना मंजूर झाली होती. अडचण वरल्यापाड्याची होती. तो टाकीपेक्षा खाली होता खरा, पण मध्ये एक खिंड, मग चढ, मग पुन्हा उतार. पाइपातून पाणी जाताना घासत जातं आणि त्याचा जोर कमी होतो. पाइप लहान घेतला तर वरल्यापाड्यापर्यंत जोर उरत नाही, सगळीकडे मोठा घेतला तर योजनेचा खर्च मंजुरीच्या बाहेर जातो. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातल्या साहेबांनी तक्त्यावरून हिशेब करून सांगितलं होतं की वरलापाडा वगळावा लागेल. माणूस वाईट नव्हता. नानांना ते म्हणाले, "देवरेसाहेब, कुठल्या टप्प्यात कोणता पाइप टाकायचा याची जुळणी तुम्ही मला दाखवा, मी वरल्यापाड्यासकट सही करतो. पण सोमवारी पाइपांची मागणी जाणार. त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

ती जुळणी शोधायलाच नानांचा प्रोग्राम होता. प्रत्येक टप्प्याला हा पाइप, तो पाइप, असं करत तो हजारो जुळण्या तपासायचा आणि प्रत्येक पाड्यावर पाण्याचा किती जोर उरतो ते काढायचा. प्रोग्राम बरोबर होता. फक्त त्याला संपूर्ण दिवस आणि रात्र लागत होती, आणि धुळ्यात त्या उन्हाळ्यात वीज सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा जायची. यूपीएस थोडा वेळ तग धरायचा आणि मान टाकायचा. वीज आली की प्रोग्राम पुन्हा पहिल्या जुळणीपासून सुरू. नाना आठवडाभर रोज सुरुवात करत होते आणि रोज संध्याकाळी हरत होते.

मी गेले तेव्हा त्यांच्या बैठकीत एक बाई भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. काळीसावळी, सडपातळ, कपाळावर गोंदलेलं. नानांनी ओळख करून दिली, "या जमनाआक्का. वरल्यापाड्याच्या. मी डोंगरात मोजणी केली तेव्हा माझ्यासाठी मोजपट्टीची काठी धरून याच उभ्या राहिल्या. माझ्या नोकरीत असा माणूस मिळाला नाही. काठी एका केसाने हलायची नाही."

आक्का माझ्याकडे बघत अहिराणीत म्हणाल्या, "ती काठी धरीसन मी बठ्ठा डोंगर फिरनू. आते साहेब म्हने, खालना पाडासले पानी भेटी, वरलापाडाले भेटाव नही." मग त्यांनी कॉम्प्युटरकडे बोट केलं. "आमनं बठ्ठं पानी ह्या डबामा शे का?"

"सगळं पाणी ह्यातच आहे असं समजा," मी म्हणाले.

"मंग उघड ना माय."

मी उघडलं. सवयीने आधी धूळ पाहिली. काकूंच्या झाकणामुळे आत चकचकीत होतं. मेमरी पुरेशी. प्रोग्राम चालताना हार्ड डिस्कचा दिवा बंदच होता, म्हणजे कोठीत कुणी जातच नव्हतं. सगळा भार बाईवर. चिपवर वाचलं: एसएक्स. तिथेच मला उत्तर मिळालं.

फोर-एटी-सिक्सच्या दोन जाती होत्या. डीएक्समध्ये दशांश अपूर्णांकांचे हिशेब करायला चिपमध्येच वेगळा भाग असायचा. एसएक्समध्ये तो भाग नसायचा. पत्रं टाइप करायची, बिलं काढायची तर काही फरक पडत नाही. पण नानांच्या प्रोग्राममध्ये अपूर्णांकांशिवाय दुसरं काही नव्हतंच. प्रत्येक भागाकार ती चिप बोटं मोडत बसल्यासारखा लांबच्या वाटेने करत होती.

नाना म्हणाले, "मुलगा म्हणतो हे भंगारात द्या, नवीन घ्या. नवीन यायला पंधरवडा लागेल. मी जनरेटरही बघितला. लग्नसराईत एक मोकळा नाही. एक मिळाला तो इतका धक्के देत होता की मशीन आपोआप बंद-चालू होत होतं."

"प्रोग्राम मध्ये थांबवून तिथूनच पुढे सुरू करता येईल असं करता येणार नाही?"

"येईल. पण आता त्यात हात घातला तर उत्तर बरोबर आहे की नाही हे तपासायलाच सोमवार उलटून जाईल. बेटा, मला खरं सांग. चिप बदलून काम होईल का?"

"मोजल्याशिवाय सांगणार नाही," मी म्हणाले.

नानांनी मला फक्त दोन पाड्यांचं लहान गणित फ्लॉपीवर करून दिलं. त्यांच्या मशीनवर ते सुरू केलं. काकूंनी चहा टाकला, आम्ही प्यायलो, कपबशा विसळून झाल्या, तेव्हा ते संपलं. ती फ्लॉपी घेऊन मी जळगावला परतले आणि दुसऱ्या दिवशी आमच्या एका गिऱ्हाइकाकडे गेले. ते हिशेब तपासनीस होते आणि त्यांच्याकडे डीएक्सचंच पुढचं मशीन, डीएक्स-टू होतं. जेवणाच्या सुट्टीत हातापाया पडून मी फ्लॉपी घातली. त्यांच्या शिपायाने गॅसवर ठेवलेल्या चहाला अजून आधण आलं नव्हतं, तोवर उत्तर पडद्यावर! मी पुन्हा चालवलं. तेच.

"हे संपूर्ण गणित तुमच्याकडेच चालवू दिलंत तर?" मी विचारून पाहिलं.

"ताई, तुमची फ्लॉपी एकदा घातली तेवढं पुरे. व्हायरस शिरला तर माझ्या सगळ्या पार्ट्यांचे हिशेब साफ होतील."

त्या काळात व्हायरसची भीती पटकीसारखी होती. मी हट्ट केला नाही. मला हवं ते मिळालं होतं: चिप बदलली तर गणित दोन भारनियमनांच्या मधल्या वेळात बसेल.

शेठना सांगितलं तर ते गल्ल्यावरून उठूनच उभे राहिले. "अगं, तुला माहीत आहे ना त्या जुन्या बोर्डाला दांडी नाही?"

ही दांडी म्हणजे काय ते सांगते. नंतरच्या बोर्डांवर चिपच्या शेजारी एक छोटी दांडी असायची. ती उचलली की चिप अलगद सुटायची. जुन्या बोर्डांवर दांडी नसायची. चिपचे दीडशेवर पाय सॉकेटमध्ये घट्ट रुतलेले. चारही बाजूंनी पातळ स्क्रू-ड्रायव्हर घालून, एक एक केसभर उचलत ती काढावी लागायची. एक बाजू जास्त उचलली गेली तर पाय तुटतात. स्क्रू-ड्रायव्हर सटकला तर खालचा बोर्ड ओरखडतो आणि मशीन जातं.

शेठ म्हणाले, "बोर्ड गेला तर त्या म्हाताऱ्याकडे हळू मशीनसुद्धा उरणार नाही. आपलं नाव जाईल ते वेगळंच. नवीन मशीन नोंदवून घे, उशीर झाला तर झाला."

"शेठ, हळू मशीन आणि बंद मशीन, सोमवारसाठी दोन्ही सारखीच आहेत."

मग खाली बसून त्यांनी मुंबईला फोन लावला. आमच्या शेठचा हा गुण होता: विरोध करायचे तो पूर्ण, आणि मान्य केलं की तेही पूर्ण. डीएक्स-टू चिप मुंबईहून लक्झरी बसच्या ड्रायव्हरच्या हाती निघाली आणि धुळ्याच्या हायवेवरच्या थांब्यावर मी ती घेतली. मिठाईच्या खोक्यात, स्पंजात खोचलेली.

शनिवारी सकाळी मी नानांच्या घरी पोचले. आक्का आदल्या दिवसापासून तिथेच होत्या. सकाळचं भारनियमन सुरू झालं आणि मी झाकण काढलं. मशीन उघडायला वीज नसलेलीच वेळ चांगली. खोका उघडून स्पंज सोडवला. बसच्या हादऱ्यांनी स्पंज सरकला होता. कोपऱ्यातला एक पाय आडवा झाला होता.

तो पाय म्हणजे सुईपेक्षा बारीक, सोन्याचा मुलामा दिलेला. एकदा वाकतो, एकदा सरळ होतो. तिसऱ्यांदा तुटतो. चिमट्याने धरावा तर शेजारच्या पायांना धक्का.

"काय झालं?" नानांनी विचारलं.

मी दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, चिप डोळ्यांजवळ नेली, टेबलाचा खण उघडला आणि त्यांची नकाशे काढायची पेन्सिल माझ्यापुढे ठेवली. शिसं खटक्याने पुढे येतं ती. त्यांनी आतलं शिसं काढून टाकलं होतं. टोकाला फक्त पोकळ पितळी नळी.

"ही पायावर टोपीसारखी घाल," ते म्हणाले, "आणि हळूहळू उभा कर. मी केलं असतं, पण माझा हात आता थरथरतो."

मी खिडकीपाशी उजेडात बसले. नळी पायावर बरोबर बसली. श्वास रोखून मी तो थोडा उचलला, थांबले, आणखी थोडा. काकू स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभ्या. पाय उभा राहिला. मी चिप उजेडात आडवी धरून पाहिली. सगळी रांग सरळ, शाळेच्या कवायतीसारखी.

मग जुनी चिप काढायची. एक बाजू केसभर, समोरची केसभर, डावी, उजवी. पुन्हा पहिली. बराच वेळ ती जागची हललीच नाही. मग कर्र असा बारीक आवाज झाला. नाना डोळे मिटून बसले. मला मात्र तो आवाज ओळखीचा होता. पाय सॉकेटमधून सुटताना येतो तो. चिप निघाली, बोर्डावर ओरखडा नाही. नवीन चिप खुणेची बाजू बघून ठेवली आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबली. त्या दाबाने बोर्ड खाली लवतो आणि बघणाऱ्याचा जीव जातो, पण दाबावंच लागतं. वर छोटा पंखा बसवला.

वीज आली. मी बटण दाबलं.

काळा पडदा. आवाज नाही, काही नाही.

"मरी गयं का हाई?" आक्कांनी विचारलं.

त्या क्षणी शेठचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे येऊन गेला, खोटं कशाला सांगू. पण पंखा फिरत होता, जळका वास नव्हता. मी बटण बंद करून बोर्ड बॅटरीच्या उजेडात वाचायला लागले. बोर्डावर कुठली चिप आहे हे सांगायला बारीक टोप्या असतात, त्यांना जंपर म्हणतात. मी त्या नवीन चिपप्रमाणे बदलल्या होत्या, पण एक टोपी शेजारच्या खांबावर गेली होती. बोर्डावरची अक्षरं मुंगीएवढी होती. टोपी जागेवर बसवली आणि पुन्हा बटण दाबलं.

टिक. मेमरीचे आकडे भरभर वर गेले आणि पडद्यावर नवीन चिपचं नाव आलं. मी इतक्या जोरात टाळी वाजवली की काकू दचकल्या.

पण नाना इंजिनिअर होते. "आधी लहान गणित चालव. वेगाने चुकीचं उत्तर नको." ते चालवलं. काकू चहा टाकायला वळल्या तोवर संपलं. नानांनी जुन्या उत्तराशी एक एक आकडा ताडून पाहिला. तंतोतंत तोच. मग त्यांनी संपूर्ण गणित सुरू केलं आणि पडद्यावर जुळण्या धावायला लागल्या.

धुळ्याची मे महिन्यातली दुपार. चिप तापू नये म्हणून मशीनचं झाकण उघडंच ठेवलं होतं आणि काकूंनी स्वतःच्या खाटेजवळचा टेबलफॅन आणून मशीनपुढे लावला होता. आम्ही चौघं घामाने निथळत होतो आणि वारा खात होती चिप. समोरच्या गल्लीत लग्नाचा मांडव होता. बँड वाजत होता. सगळं ठीक चाललं होतं. शेवटचा टप्पा सुरू झाला, वरल्यापाड्याचा, आणि संध्याकाळच्या भारनियमनाला अजून बराच अवकाश होता.

एवढ्यात बाहेर विजेच्या डीपीवर धाडकन आवाज झाला. मांडवाच्या जोडणीचा भार झेपला नाही आणि फ्यूज उडाला. टेबलफॅन थांबला. यूपीएस टीं टीं करायला लागला.

"गेलं," नाना म्हणाले. "ही बॅटरी जुनी आहे. पुरायची नाही."

मशीनमध्ये सर्वांत जास्त वीज पडदा खातो. मी पडद्याचं बटण बंद केलं.

"अगं, दिसणार कसं?"

"दिसायला नको. चालायला हवं. संपल्यावर तुमचा प्रोग्राम उत्तर डिस्कवर लिहितो ना?"

"लिहितो. आणि तीनदा घंटी देतो. पूर्वी मी सकाळी पूजा करताना ऐकू यावी म्हणून घातली होती."

मग आम्ही काळ्या पडद्यासमोर बसून राहिलो. काकूंनी पुठ्ठ्याने चिपला वारा घालायला सुरुवात केली. चिपचा पंखा चालू होता, पण त्यांना थांबवायचं मला सुचलं नाही. यूपीएसची टीं टीं आधी सावकाश होती, मग जवळजवळ यायला लागली. जवळजवळ येणं म्हणजे बॅटरी संपत येणं. नाना कॉलर सैल करून ओठातल्या ओठात काहीतरी मोजत होते. बाहेर बँडवाले विजेशिवायही वाजवतच होते. मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते दिवाळी अंकात लिहिण्यासारखं नाही.

टीं टीं आता एकसारखी झाली होती. आक्का अचानक ताठ बसल्या.

"आयका! हाऊ आवाज दुसरा शे."

मला काही वेगळं ऐकू आलं नाही. नानांना तर नाहीच. आक्कांनी हात वर केला. त्याच हाताने त्यांनी डोंगरात काठी धरली असणार. मग मलाही आला: यूपीएसच्या किरकिरीच्या खालून, जाड, वेगळ्या पट्टीतला. टुंग. टुंग. हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकला, थांबला. मी पडदा चालू केला.

पाड्यांची नावं एकाखाली एक. शेवटचं नाव वरलापाडा. समोर आकडा. नानांनी बोट ठेवून तो वाचला, वरची ओळ वाचली, पुन्हा तो वाचला.

"खिंड ओलांडून चढ संपेपर्यंत मोठा पाइप," ते म्हणाले, "आणि पुढच्या उतारावर लहान. मी सगळीकडे उलटं धरून बसलो होतो. पोचतंय. मंजुरीच्या आत, आणि जोर ठेवून पोचतंय."

त्याच वेळी यूपीएसने मान टाकली आणि पडदा विझला. नानांनी दचकून माझ्याकडे पाहिलं.

"डिस्कवर लिहिलं गेलंय," मी म्हणाले. "आता वीज उद्या आली तरी चालेल."

"वरलापाडाले पानी येई ना, नाना?"

"येई आक्का, येई!"

आक्का उठल्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवून त्यांनी कानशिलावर बोटं मोडली, मग नानांच्या, मग, थोडा विचार करून, कॉम्प्युटरच्या.

वीज संध्याकाळनंतर आली आणि नानांनी उत्तर छापून घेतलं. सोमवारी ते कागद घेऊन ऑफिसात गेले. साहेबांनी एक टप्पा स्वतः हाताने करून पाहिला, मान हलवली आणि वरल्यापाड्यासकट सही केली. बाहेर पडताना त्यांनी नानांना विचारलं म्हणे, "आमच्या ऑफिसच्या मशीनची चिप कुणाकडून बदलून मिळेल?" शेठनी ही गोष्ट पुढे वर्षभर दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगितली. त्यांच्या सांगण्यात चिप बदलायची कल्पना त्यांचीच होती. मी एकदाही खोडून काढलं नाही. त्या वर्षी धुळ्याहून मला इतकी बोलावणी आली की एसटीचे कंडक्टर तिकीट न विचारता 'धुळे' फाडायचे.

आता ते दुकान नाही. नानाही नाहीत. मशीनं झाकण लावूनच येतात आणि झाकण लावूनच जातात. हाताला सवय होती ती राहिलीय. अजूनही कुठे उघडा बोर्ड दिसला की माझे अंगठे शिवशिवतात. या गोष्टीचं मला वाईट वाटतं, पण फार नाही. कारण मला जे बघायला मिळालं ते फार थोड्या दुरुस्ती करणाऱ्यांना बघायला मिळतं.

पुढच्या हिवाळ्यात पाइप टाकून झाले आणि नानांनी मला निरोप पाठवला: पाणी सोडतोय, ये. साक्रीहून जीपने आणि मग पायी आम्ही वरल्यापाड्याला पोचलो. सगळा पाडा नळाभोवती जमला होता. नानांनी पांढरंशुभ्र धोतर नेसलं होतं आणि पाण्याचा जोर मोजायचं घड्याळासारखं यंत्र नळाला लावायला बरोबर आणलं होतं. टाकीवर माणूस उभा केला होता. त्याने हात हलवला. नळातून आधी नुसता वारा आला, सूं सूं करत, बराच वेळ. मग थुंकल्यासारखं लाल पाणी. मग एकदम धार.

"पानी उनं वं माय!"

जमनाआक्कांनी पहिला हंडा भरला आणि तो घरी न नेता सरळ नानांच्या डोक्यावर ओतला. दुसरा माझ्या. त्यानंतर कोण कुणाला भिजवतंय याला धरबंध राहिला नाही. नाना थंडीने कुडकुडत, ते यंत्र दोन्ही हातांनी डोक्यावर धरून ओरडत होते, "अरे थांबा! मला पुन्हा मोजू तर द्या! काट्याने जास्त दाखवलंय! हिशेबापेक्षा जास्त आहे!"

परतीच्या एसटीत आम्ही दोघं निथळत चढलो. बाहेर कोरडं ऊन, रस्त्यावर धूळ. कंडक्टरने नानांच्या धोतराकडे पाहिलं, माझ्या साडीकडे पाहिलं, खिडकीतून आभाळाकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठं पडला हो पाऊस?"

नानांनी पदवी मिळाल्यासारखं ताठ बसून उत्तर दिलं, "वरल्यापाड्याला."